पाच टनाचं चाक

सबस्टेशनच्या कंपाउंडला टेकून किंवा फ्लायओव्हरखाली लाकडाची मोठाली चाकं उभी असतात ती तुम्ही बघितली असतीलच. लोक त्याला टेकून चहा पितात, पोरं मधल्या भोकातून आरपार बघतात, कुणीतरी त्यावर क्लासची जाहिरात चिकटवून जातं. तो केबलचा ड्रम. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे स्टोअर आणि साइट दोन्ही बघतो, त्यामुळे नोकरीतला निम्मा वेळ या चाकांच्या अवतीभवतीच गेलाय, आणि तरीही मला त्याला टेकून चहा प्यायला आवडत नाही. घाबरट म्हणा हवं तर.

कारण त्याचं वजन. बाहेरच्या माणसाला त्याचा अंदाजच येत नाही, त्याला फळ्या दिसतात आणि वाटतं लाकूड तर आहे. शहरात रस्त्याखाली जी ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, केबल असते, समजा थ्री कोर ३०० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड (ॲल्युमिनियमच्या तीन जाड तारा आणि वरून धातूचं कवच), ती मीटरला साधारण नऊ-दहा किलो भरते. ड्रमवर असते ५०० मीटर, पाच टक्के इकडेतिकडे. म्हणजे झाले की पाच टन. बरं पाच टन वजनाच्या वस्तू साइटवर आणखीही असतात, ट्रान्सफॉर्मर असतो, पॅनल असतात, पण त्या बसलेल्या असतात. ड्रम गोल आहे. तो कायम निघायच्या तयारीत असतो.

मला आकडेमोडीचा नाद आहे म्हणून एकदा बसून हिशेब मांडला. वीस मीटरला एक मीटर असा उतार घ्या, इतका उतार आपल्याला चालताना धड जाणवतही नाही, गेटपासून शेडपर्यंतचा काँक्रीट रस्ता कधीकधी एवढा उतरता असतो. तेवढ्या उतारावर पाच टनाचा ड्रम अडीचशे किलोच्या जोराने खाली जायला बघतो. उभा असेल तोवर ठीक आहे, चार जण छाती लावून थोपवतील. पण एकदा का तो सुटला आणि आपल्या सावकाश चालण्याच्या वेगाने, सेकंदाला मीटरभर, जायला लागला की पुढं जाण्याची आणि स्वतःभोवती फिरण्याची अशी मिळून पावणेचार हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा त्याच्यात असते, आणि त्याला दहा सेंटिमीटरात थांबवायचं म्हटलं तर पावणेचार टनाचा रेटा द्यावा लागतो. पावणेचार टन! आणि आपण तिथे उभं करतो पहार घेतलेलं एक पोरगं.

ही नुसती कागदावरची भीती नाही. एका साइटवर (आमची नव्हती, आम्ही शेजारच्या पॅकेजला होतो) सुटलेल्या ड्रमपुढे एका हेल्परने पटकन पहार आडवी घातली. ड्रमची कड, म्हणजे बाजूची गोल लाकडी चकती, पहारीच्या टोकावरून गेली आणि दुसरं टोक उडून त्याच्या जबड्यावर बसलं. वाचला तो, पण महिनाभर नळीने पातळ पीत होता. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मला राग त्याचा येतो. त्याने तर काळजीच केली होती, ड्रम पुढच्या दुसऱ्या पोराच्या अंगावर जाऊ नये म्हणून त्याने हातात होतं ते घातलं. ड्रमच्या दोन्ही बाजूंना पाचरा नव्हत्या हे कुणी लिहिलं नाही. पाचर म्हणजे काय तर तिरका कापलेला लाकडाचा गुटका, सुताराकडून जुन्या बॅटनमधून, म्हणजे ड्रमला बाहेरून ठोकलेल्या फळ्यांमधून, फुकटात होतो.

आमच्याकडे एक मुकादम मामा आहेत, बीडकडचे, जुने केबलवाले. त्यांचा एकच नियम, ड्रम हलत असताना उताराच्या बाजूला कोणी दिसला की काम बंद आणि शिव्या चालू. त्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण सेफ्टी ऑफिसरच्या सकाळच्या भाषणापेक्षा पोरं त्या शिव्याच ऐकतात हे मी कित्येक वेळा बघितलंय.

आता खरा विषय काढतो. अपघात दिसतो तरी, त्याचं काहीतरी होतं, निदान चार दिवस बोलणं होतं. केबलला जे होतं ते दिसतच नाही. गाडी येते कारखान्यातून, सिल्वासाहून किंवा हालोलहून, ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नसतो, कसारा चढून आलेला असतो, आणि त्याला रिकामं होऊन परतीचं भाडं पकडायचं असतं. साइटवर हायड्रा, म्हणजे छोटी फिरती क्रेन, दुसऱ्या कामाला गेलेली. मग वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, कोणी द्यायची, हायड्राचं भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं यावर तासभर वाद. आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, टाका ओ टायर. चार जुने टायर गाडीमागे टाकायचे, फाळका उघडायचा, पहारीने ड्रम कडेला आणायचा आणि द्यायचा ढकलून. धप्प. धूळ बसली की सगळे बघतात, ड्रम उभा आहे, फळ्या जागेवर आहेत, झालं, चलनवर सही.

आत काय झालं? पाच टन वजन चार-साडेचार फुटांवरून पडलं आणि थांबलं. लाकडाच्या कडेला चीर गेली, मधलं पिंप सैल झालं, सगळ्यात आतल्या थरावर वरच्या सगळ्या थरांचं वजन क्षणभर कितीतरी पट होऊन बसलं. टायर नेमका कडेखाली आला नाही आणि मधे आला तर बॅटन आत दबून त्याचे खिळे बाहेरच्या थरात शिरले. हे कुणी उघडून बघत नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशन (तारेवरचं वीज अडवणारं आवरण) तपासायचं यंत्र, मारला तर तोही चांगला दाखवतो, कारण इन्सुलेशन अजून फुटलेलं नसतं, नुसतं दुखावलेलं असतं. मेगरला दुखणं कळत नाही.

ड्रम कसा उतरवायचा हे काही मोठं गुपित नाही. आयएस १२५५ म्हणून आपलं भारतीय मानक आहे, १९८३ सालचं, ३३ केव्हीपर्यंतच्या केबली टाकण्याबद्दल, त्यात सगळं साध्या भाषेत लिहिलंय. क्रेन असेल तर उत्तम. मधल्या भोकातून शाफ्ट घालायचा आणि त्याला स्लिंग लावायची. आणि वर स्प्रेडर बार हवा, आडवी बीम, नाहीतर दोन स्लिंगा वर एका हुकात जवळ येतात आणि दोन्ही बाजूंच्या कडा आत दाबतात. क्रेन नसेल तर तीनास एक किंवा चारास एक उताराचा रॅम्प करायचा, ड्रम दोराने किंवा विंचने मागून धरून सावकाश सोडायचा, आणि रॅम्पच्या पायथ्याशी वाळूचा थर पसरून ठेवायचा म्हणजे ड्रम तिथे आपोआप दमतो. वाळू! ही सूचना मला फार आवडते. लिहिणारा माणूस नक्की साइटवर उभा राहिलेला असणार, ऑफिसात बसून वाळू सुचत नाही.

फोर्कलिफ्ट असेल तर फोर्क दोन्ही कडांच्या खालून आरपार गेले पाहिजेत, म्हणजे वजन कडांवर येतं. आमच्याकडे भाड्याने आलेला एक ऑपरेटर समोरून, म्हणजे बॅटनच्या बाजूने, फोर्क घुसवायला निघाला होता. मामांनी त्याला चावी काढायला लावली.

मग तो बाण. प्रत्येक ड्रमच्या बाजूवर साइज, व्होल्टेज, लांबी, वजन, ड्रम नंबर असलं सगळं रंगवलेलं असतं आणि एक बाण असतो. नव्या पोरांना वाटतं तो कंपनीच्या डिझाइनचा भाग. तो बाण सांगतो की ड्रम लोटायचाच असेल तर या दिशेने लोटा, त्या दिशेने केबल घट्ट राहते. उलटा लोटला तर थर सैल होतात. लहानपणी पतंगाची आसारी कुणी उलटी फिरवली की मांजा ढिला पडून पुढच्या ओढीला वरचा फेरा खालच्यात रुतायचा आणि गुंता व्हायचा, अगदी तसंच, फक्त इथे मांजा मनगटाहून जाड आहे आणि गुंता सोडवायला हायड्रा लागते. गंमत अशी की आमच्या मुकादम मामांना लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण बाण मात्र ते लांबूनच वाचतात आणि इंजिनियरला विचारतात, साहेब बाण कुणीकडं? आणि इंजिनियर ड्रमभोवती फेरी मारायला लागतो. लोटणंही थोडंसंच हं, पाच-दहा मीटर, जागेवर घ्यायला. यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोटत नेणं हे काम नाही, ती हौस झाली.

आणि आडवा कधीच टाकायचा नाही. हे मी गाडीवर सुद्धा बघितलंय, भाकरी तव्यावर टाकावी तसा ड्रम कडेवर झोपवलेला, का तर घाटात घरंगळू नये म्हणून. झोपवला की सगळे थर एकमेकांवरून घसरतात, पुन्हा उभा केला की ते जागेवर येत नाहीत, आणि ओढायच्या दिवशी केबल मधेच अडकते. ड्रम गाडीवरही उभाच राहिला पाहिजे, कडांना पाचरा आणि त्या पाचरा गाडीच्या फळ्यांना ठोकलेल्या, साखळी घ्यायची ती मधल्या भोकातून. बॅटनवरून साखळी आवळली की ती बॅटन आणि खालची केबल दोन्ही आवळते.

साठवणीची गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको, काळी माती काय करते ते त्याला माहितीये. उन्हाळ्यात दगडासारखी टणक जमीन बघून ड्रम उतरवून घेतात आणि जुलैत बघावं तर कडा वीतभर आत. मग तो ड्रम काढायला हायड्रा बोलवायची आणि हायड्राच रुतायची, मग हायड्रा काढायला जेसीबी. हे विनोदाने लिहितोय पण त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. मातीत रुतलेली कड कुजते, वाळवी लागते, आणि पुढे उचलताना तीच कड हातात येते. आम्ही आता यार्डात मुरूम टाकून, रोलर फिरवून घेतो आणि कडांच्या बरोबर खाली रेल्वेचे जुने स्लीपर किंवा जाड फळ्या ठेवतो, केबलचं पोट जमिनीला लागता कामा नये. दोन ड्रममध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडायची, हवा खेळण्यासाठीही आणि बोटं शाबूत राहावीत म्हणूनही.

त्याच मानकात लिहिलंय की साठवलेला ड्रम दर तीन महिन्यांनी ९० अंशातून फिरवून ठेवा. तिथे हे कागदी इन्सुलेशनच्या केबलींसाठी म्हटलंय, जुने लोक सांगतात तेलात मुरवलेला कागद असायचा, ते तेल खालच्या बाजूला उतरायचं. आताच्या एक्सएलपीईत, म्हणजे प्लास्टिकच्या इन्सुलेशनमध्ये, तेलच नाही. मग कशाला फिरवायचा? मी तरी फिरवून घेतो. एकतर लाकडाची एकच बाजू ओलीत राहत नाही, आणि दुसरं म्हणजे त्या निमित्ताने कुणीतरी तीन महिन्यांतून एकदा ड्रमजवळ जातं, केबलच्या टोकावरची टोपी, म्हणजे एंड कॅप, आहे का बघतं, बॅटन कुणी चहा करायला नेलीये का बघतं. वॉचमनची शेकोटी हा आमच्या बॅटनचा मोठा शत्रू. बॅटन गेली की ऊन थेट केबलवर, आणि दगड, गुरं, पोरं, सगळंच थेट केबलवर.

एंड कॅपचं तर विचारूच नका. केबल कापली, हवी तेवढी नेली, उरलेलं टोक तसंच उघडं किंवा फार तर प्लास्टिकची पिशवी बांधून वर टेप. एका पावसात पाणी कंडक्टरच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या, तारांमधल्या फटीतून आत सरकतं, आणि पुढे ते किती मीटर गेलं हे कापत जाऊनच कळतं. एक्सएलपीईत ओल राहिली आणि वर व्होल्टेज आलं की इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा वाढत जातात, वर्षानुवर्षं, आणि मग एक दिवस फॉल्ट. श्रिंक होणारी कॅप स्वस्तातली असते हो, गॅसची टॉर्च आणि दहा मिनिटं लागतात. पण ते काम संध्याकाळी सहाला येतं, सगळ्यांना घरी जायचं असताना.

तर तो फॉल्ट. मला इतकी वर्षं टोचत आलेली गोष्ट ही आहे. ड्रम पडला आज, केबल चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, सहा महिन्यांनी, आणि तुटली कुठल्यातरी पावसाळ्यात रात्री दोनला. तोवर गाडीवाला कोण होता कुणाला आठवत नाही, टायर टाका म्हणणारा नोकरी बदलून गेलेला असतो. फॉल्ट लोकेशनची व्हॅन येते, जागा सापडते, चर खोदतात, आणि काळा पडलेला तुकडा बाहेर निघतो. मग बोट दाखवायला जवळ कोण असतं? जॉइंटर, केबलचे तुकडे जोडणारा. तो बिचारा पाण्याच्या डबक्याशेजारी ताडपत्रीखाली नवीन किट लावत बसलेला असतो आणि वर छत्री धरून उभा असलेला साहेब त्याला विचारतो, मागचा जॉइंट कुणी मारला होता रे? जॉइंट खराब निघत नाहीत असं नाही, निघतात, भरपूर निघतात. पण धड केबलच्या मधोमध, जॉइंटपासून लांब, सरळ रांगेत, कुणी खोदलेलं नसताना फॉल्ट येतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ते टायर येतात. सिद्ध करता येत नाही, जळालेल्या तुकड्यावर कारण शिल्लक नसतं.

आणि इतके जॉइंट लागतात ते तरी का? ड्रममुळेच. रस्त्यावरून जेवढं चाक नेता येतं तेवढीच केबल एका तुकड्यात मिळते. पुलाखालची उंची, गाडीची रुंदी, वजन, या सगळ्यात बसेल तो ड्रम. केबल जितकी जाड तितका तुकडा लहान. समुद्राखालच्या केबलींना ही अडचण नाही, त्या जहाजावर कित्येक किलोमीटर अखंड मावतात. घारापुरीला २०१८ च्या फेब्रुवारीत वीज पोचली ती समुद्रतळावरून साडेसात किलोमीटर केबल टाकून. जमिनीवर तेवढ्यासाठी आमचे पाचशे मीटरचे पंधरा ड्रम, आणि मधले चौदा जॉइंट. लोकांना वाटतं शहरात वीज रस्त्याखालून सलग येते. ती चाका-चाकाने येते.

केबल ओढायचा दिवस मला अजूनही आवडतो, हेही सांगून टाकतो. ड्रम दोन जॅकवर शाफ्ट घालून उचलायचा, जमिनीपासून थोडासाच, आणि केबल वरच्या बाजूने सोडायची, म्हणजे ड्रम बाणाच्या उलट फिरतो. चरात रोलर मांडलेले, टोकाला स्टॉकिंग, म्हणजे ओढण्यासाठीचा जाळीचा मोजा, चढवलेलं, आणि तीस-चाळीस माणसं दोराला. मग ती आरोळी सुरू होते आणि लाकूड शाफ्टवर करकरायला लागतं. सगळ्यांचं लक्ष पुढे ओढणाऱ्यांकडे असतं, पण खरा माणूस मागे ड्रमजवळ फळी घेऊन उभा असतो. पुढे ओढ थांबली की ड्रम थांबत नाही, तो आपल्या वेगाने आणखी अर्धा फेरा घेतो, आणि केबलचा फुगा होऊन ती खाली लोळते, मुरगळते. त्या माणसाने बरोबर त्या क्षणी फळी कडेला दाबायची असते. आमच्याकडे हे काम मामा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. तीनशेच्या केबलला तिच्या जाडीच्या पंधरापटीहून लहान त्रिज्येत वाकवायचं नाही हे ते कुठल्या तक्त्यात बघत नाहीत, केबल कण्हते म्हणतात.

मधे रस्ता ओलांडायचा असला की उरलेली केबल ड्रमवरून खाली काढून ठेवावी लागते, तेव्हा ती आठच्या आकारात घालायची. इंग्रजी आठ बरं का, आपल्या ८ चा उपयोग नाही. सरळ गोल वेटोळं घातलं की प्रत्येक फेऱ्याला पीळ बसतो, आठात एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूला सुटतो.

मग उरतो रिकामा ड्रम, आणि त्याला कुणी भीत नाही, हीच पंचाईत. दोन-तीनशे किलोचं ते धूड मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की मोकळ्या यार्डात आपलं आपण चालायला लागतं. शिवाय उपटलेल्या बॅटन खिळ्यांसकट तिथेच पडलेल्या असतात, टोकं वर. जखमांच्या रजिस्टरात आमच्याकडे सगळ्यात जास्त नोंदी कशाच्या असतील तर त्या या खिळ्यांच्या, स्लिपर घालून आलेल्या पायांच्या. हल्ली पुण्या-मुंबईच्या कॅफेत हेच ड्रम पॉलिश मारून टेबल म्हणून ठेवतात. भंगारवाला आमच्याकडून नेतो काहीशे रुपयांना आणि तिकडे त्याची किंमत ऐकून मला ठसका लागला होता. चांगलं आहे, निदान तिथे तो आडवा टाकलेला चालतो.

सध्या आमची भांडणं चालू आहेत ती पर्चेसशी. मी म्हणतोय ऑर्डरमध्येच लिहा की माल क्रेनने उतरवून मिळेल, गाडीवर असतानाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि एंड कॅपचा फोटो असल्याशिवाय पोच द्यायची नाही, आणि स्प्रेडर बार आपला आपण बनवून घेऊ, फॅब्रिकेशनवाल्याला दोन दिवसांचं काम आहे. पर्चेसवाला म्हणतो सप्लायर रेट वाढवेल. वाढवेलच. मी त्याला एका जॉइंटचा हिशेब पाठवला, किट, खोदाई, रस्ता फोडायची परवानगी, व्हॅनचं भाडं, रात्रीचा ओव्हरटाइम. त्याने फोन करून विचारलं, पण फॉल्ट येईलच हे कशावरून? पुढचा लॉट दिवाळीआधी यायचाय. बारचं ड्रॉइंग मी फॅब्रिकेशनवाल्याला देऊन टाकलंय, बिल कोणाच्या खात्यात टाकायचं ते नंतर बघू.